विलंबाचे कारण

डोकं फिरलं की मी तोंड फिरवून बोलते. ही सवय मला मुलीमुळं लागली. ती ओठ बघून समजून घेते. कानात मशीन असलं तरी तिला समोरच्याचे ओठ लागतातच. नवऱ्याशी भांडायचं असलं की मी ओट्याकडं तोंड करून भांडायची, म्हणजे तिला कळू नये. बावीस वर्षं आमची सगळी भांडणं कुकरकडं बघून झाली.

परवा मात्र भांडण झालं ते कर सल्लागाराच्या ऑफिसात, आणि मुलगी शेजारच्या खुर्चीत बसलेली. तिच्या उजव्या कानाचं मशीन बंद पडलंय, डावं नुसतं खरखरतं. पुढच्या महिन्यात तिला पुण्याला पहिल्या नोकरीवर हजर व्हायचंय. नवी जोडी लाखाच्या घरात जाते. माझ्या पगारातून गेली तीन वर्षं जादा कापलेला कर परत मिळाला, तर एका कानाचं तरी भागेल, एवढ्या आशेवर मी गेले होते.

जादा का कापला? तर दिव्यांग मूल सांभाळणाऱ्या आईबापाला करात सूट असते, आणि ती मी कधी मागितलीच नाही. माहीत नव्हतं असं म्हणायला मला तोंड नाही. सरकारी दवाखान्याचं प्रमाणपत्र कपाटात साड्यांच्या खाली होतं. पण आमच्या शाळेत सगळ्या शिक्षकांचे कागद एकच क्लार्क गोळा करतो आणि जुलैत एका बैठकीत सगळ्यांची रिटर्न भरून मोकळा होतो. हा क्लार्क माझ्या नणंदेचा चुलत दीर. नवरा म्हणाला, "त्याच्या टेबलावर कागद टाकायलीस? उद्या अक्कलकोटपर्यंत सगळ्या पाहुण्यांत होईल. पोरीला स्थळ कोण आणायचं मग?" बाहेर आम्ही सांगायचो, सर्दीनं जरा कमी ऐकू येतं. बावीस वर्षांची सर्दी. नवऱ्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण रिटर्न माझं, आणि गप्प मीच बसले.

सल्लागार लई शांत माणूस. त्याच्या शांतपणाचाच मला राग यायला लागला.

"मॅडम, गेल्या वर्षाचं रिटर्न दुरुस्त करायची मुदत डिसेंबरअखेर संपली. आता फेब्रुवारी चाललाय."

"आणि त्याच्या आधीची दोन?"

"त्यांची तर कधीच संपली."

"चार वर्षं मुदत असते म्हणून ऐकलंय की मी."

"असते. पण ती राहिलेला कर जादा भरायचा असेल तर. परत मागायचा असेल तर तो फॉर्म चालत नाही."

माझं टाळकंच सरकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी टेबलावर हात आपटला. "म्हणजे उत्पन्न लपवणाऱ्याला सुधारायला चार वर्षं, आणि..."

पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. पोरगी लपवणाऱ्याला काहीच नाही, असं ते वाक्य होतं, आणि पोरगी माझ्या ओठांकडं बघत होती.

सल्लागारानं फाईल मिटली. एक रस्ता आहे म्हणाला. विलंब माफ करावा म्हणून आयकर आयुक्तांकडं अर्ज करायचा. मंजूर होईलच असं नाही, पण करून बघावा. "त्यात विलंबाचं कारण लिहावं लागतं, पटेल असं. आजारपण, प्रमाणपत्र गहाळ झालं, असं काहीतरी. घरी बसून नीट लिहून आणा."

रिक्षातून जुळे सोलापूरला येईपर्यंत मी धुमसत होते. सरकारवर, त्या क्लार्कवर, नवऱ्यावर. नवऱ्यानं दारातच विचारलं, माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात येत सगळं ऐकलं आणि म्हणाला, "वरातीमागून घोडं नेलंयस तू. आता लिही, हरवलं होतं म्हणून. कोण बघायलंय?"

"तू बोलूच नको," मी म्हणाले. "तुझ्या पाहुण्यांच्या भीतीनं माझ्या लेकीचा कान गेला."

हेही मी ओट्याकडं तोंड करूनच म्हणाले. तो बाहेर निघून गेला.

मुलीनं लॅपटॉप उघडला. अर्जाचा मजकूर ती टाइप करणार होती, माझी बोटं लई हळू चालतात. नाव झालं, पत्ता झाला, कोणती वर्षं ते झालं. मग ती थांबली. "कारण काय लिहू?"

"प्रमाणपत्र हरवलं होतं, असं लिही."

"कुठं हरवलं होतं?" ती म्हणाली. "तुझ्या साड्यांखालीच होतं की. मी चौथीत असल्यापासून बघतेय."

माझ्या अंगातली सगळी आग एकदम खाली बसली आणि माझ्यावरच उलटली. इतकी वर्षं मी तिच्यापासून भांडणं लपवली, आणि तिला मूळ कागदच ठाऊक होता. तिनं कधी विचारलं नाही, आणि मला ते सोयीचं वाटलं. मी उठून ओट्याकडं गेले आणि नळ सोडला. नळाच्या आवाजात काहीतरी पुटपुटले.

"आई, इकडं बघून सांग. मला दिसत नाही."

मी नळ बंद केला आणि तिच्यासमोर जाऊन बसले. दोन फुटांवर तिचे डोळे, माझ्या ओठांवर लागलेले. तिला ऐकू यावं म्हणून नेहमी बोलते तसं, एकेक शब्द सुटा करून मी म्हणाले, "मला लाज वाटत होती."

तिनं तेवढं टाइप केलं. मग हात मांडीवर ठेवून परत माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"कुणाची," ती म्हणाली, "ते पण लिहावं लागेल."