वर धरलेले हात

ब्राझीलच्या एका हयात संगीतकाराची पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना परवा आमच्या शहरात पहिल्यांदाच वाजली. दुसरा भाग इतका हळू विझला की पियानो वाजवणाऱ्या बाईंचे हात पट्ट्यांवर अधांतरीच राहिले. मी ध्वनिमुद्रण ऐकलं होतं; शेवटचा भाग त्याच शांततेतून उगवणार होता.

तेवढ्यात सूत्रसंचालक शाल-श्रीफळ घेऊन मंचावर चढले.

"अहो, संपलेलं नाही अजून!" मी पहिल्या रांगेतून ओरडले.

"थांबल्यात की त्या! ताई, प्रमुख पाहुण्यांना विमान गाठायचंय. सत्कार उरकून घेऊ."

आणि त्या वर धरलेल्या हातांत त्यांनी नारळ ठेवला. मग विमानवाल्या पाहुण्यांचं भाषण लांबलं, सभागृहाची वेळ संपली आणि शेवटचा भाग राहिलाच.

कामं वेळेत उरकणारी बाई मीही आहे. पण थांबणं म्हणजे संपणं नव्हे, एवढंही कळू नये? घरात कुणी बोलता बोलता थांबलं, तरी आपण त्याचं वाक्य पुरं करून मोकळे होतो. संताप होतो नुसता.

निघताना बाईंनी नारळ खाली ठेवला आणि एका हाताने शेवटच्या भागाचे पहिले सूर वाजवले. खुर्च्या उचलणारा माणूस माझ्यापाशी येऊन उभा राहिला. मी उठले नाही.