भंडाऱ्याची साक्ष

जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. हा भंडारी तोंडाचा फटकळ आणि मनाचा मऊ. सगळी हयात त्याने दुसऱ्यांची पोटं भरली, पण स्वतःच्या जिभेला लगाम काही घालता आला नाही.

यंदा मालाच्या कप्प्यात चोरून चढलेला एक माणूस सापडला. कागदपत्रं नाहीत, देश सांगेना. कायदा म्हणे त्याच्या बाजूचा: खाऊपिऊ घाला, मारू नका, समुद्रात टाकू नका. पण उतरवायचा कुठे, हे विचारलं की सगळ्यांचे हात वर! प्रत्येक बंदरात अधिकारी चढत, चहा ढोसत आणि मान हलवून उतरत. तो आपला स्वयंपाकघराशेजारच्या कोठीत कोंडलेला. दिवसा भंडारी त्याला बटाटे सोलायला बाहेर काढी.

"मामा, मला कुणीच का घेत नाही?" एकदा त्याने विचारलं.

"सरळ माणूस ना तू!" भंडारी कांदा चिरत म्हणाला. "समुद्री चाचा असतास, तर कुठल्याही देशाने भर समुद्रात येऊन धरलं असतं. खटला, तुरुंग, सगळी बडदास्त!"

भंडारी खो खो हसला. तो माणूस मात्र हसला नाही.

पुढच्या बंदरात अधिकारी चढले, तशी त्याने बटाटे सोलायची सुरी उचलली आणि भंडाऱ्याची मानगूट धरली. "मी चाचा आहे! पकडा मला!" खलाशांनी सुरी सहज काढून घेतली.

"चाचे दुसऱ्या जहाजावरून येतात, तेही भर समुद्रात," अधिकारी कंटाळून म्हणाला. मग भंडाऱ्याकडे वळला. "पण जिवाची धमकी दिली असेल, तर तो आमच्या बंदरातला गुन्हा. इथल्याच तुरुंगात टाकू. दिली का?"

भंडाऱ्याच्या मनात आलं, आपल्या थट्टेपायी हा बिचारा गजाआड जाणार!

"छे हो, साहेब! गरीब गाय आहे. डोकं फिरलं असेल कोंडून कोंडून. माझी काही तक्रार नाही."

अधिकाऱ्याने खांदे उडवले. मंडळी उतरली, जहाज सुटलं.

भंडारी मोठ्या समाधानाने ताट वाढून कोठीत गेला. तो माणूस खिडकीच्या काचेला कपाळ टेकून मागे पडणारा किनारा बघत होता.

"वाचवलं बरं तुला," भंडारी म्हणाला. "जेव आता."

"मामा, तो तुरुंग कुठे असतो?"

"कुठे म्हणजे? जमिनीवर," भंडारी बोलून गेला. आणि हातात ताट तसंच धरून उभा राहिला.