हॉर्नला उत्तर देणाऱ्या बाई

मुंबई-पुणे रस्त्याने आयुष्यात किती गाड्या पाहिल्या त्याची मोजदाद नाही. पण मागून हॉर्न वाजला की गाडी कडेला घेऊन, खाली उतरून मागच्याची माफी मागणारं माणूस मी एकच पाहिलं. ते म्हणजे आमच्या कारखान्यातल्या जर्मन साहेबांच्या बाई. मी तेव्हा पिंपरीला कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होते. आठवड्यातून दोनदा कामगारांच्या घरी, खेडोपाडी, बाळंतिणींना बघायला जावं लागे. बाईंना बंगल्यात बसून कंटाळा येई. "मी गाडी, तू औषध," असं त्यांनीच ठरवून टाकलं, आणि पुढची चार वर्षं मी त्यांच्या काळ्या मोटारीत डाव्या बाजूला जीव मुठीत धरून बसले.

त्यांच्या देशात सगळंच उलटं. गाड्या उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे इथे गिअर बदलायचा झाला की बाईंचा उजवा हात सवयीने आधी दाराकडे जाई आणि काचेची मूठ एक वेढा फिरवून येई. चिंचवडला बंद असलेली काच आकुर्डी येईतो सताड उघडी. उन्हाळ्यात बरं वाटे. पावसाळ्यात बाई रेनकोट घालून गाडी चालवत. शिवाय चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा त्यांच्याकडचा कायदा. दिघीला एकदा उजवीकडून म्हशी आल्या, म्हशींमागे बैलगाडी, बैलगाडीमागे काठी टेकत एक आजोबा. बाईंनी सगळ्यांना वाट दिली. आजोबा मोटारीसाठी थांबले, मोटार आजोबांसाठी. शेवटी आजोबाच जवळ येऊन म्हणाले, "बंद पडली व्हय बाई? ढकलू का?"

आणि हॉर्न! त्यांच्याकडे तो शिवीसारखा. भोसरीजवळ पहिल्यांदा एका ट्रकने मागून वाजवला, तेव्हा बाई उतरल्या, हात जोडून म्हणाल्या, "दादा, माझा काय चुकली?" ट्रकवाला बिचारा ओशाळला. "न्हाई ओ ताई, काय बी चुकलं न्हाई. मी मागं हाय, एवढंच सांगितलं." बाई परत येऊन गाडीत बसल्या. मग म्हणाल्या, "किती छान! मी आहे, म्हणतात." पण स्वतः मात्र त्या हॉर्नला बोट लावत नसत. कुणाला दुखवायचं कशाला?

माझी धाकटी बहीण निघोज्याला दिलेली. एका दुपारी तिचा दीर सायकल हाणत दवाखान्यात आला. "ताई, वहिनी कालपासून अडलीया. सुईण हात टेकून बसली." दवाखान्याची गाडी नेमकी पुण्याला गेलेली. मी बाईंच्या बंगल्यावर धावले. त्यांनी हाताचं पीठसुद्धा धुतलं नाही. निघोज्याला पोचून बहिणीला मागच्या सीटवर माझ्या मांडीवर घेतलं आणि परत फिरलो, तर मोशीत लग्नाची मिरवणूक. नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या दर्शनाला निघालेला, रस्ताभर माणसं, पुढे बँड. बाई थांबल्या. बहिणीचं कण्हणंही आता क्षीण झालं होतं.

"बाई, हॉर्न वाजवा!" मी रडतच ओरडले.

बाईंनी आरशातून तिच्याकडे पाहिलं, हॉर्नवर तळवा दाबला आणि तो उचललाच नाही. घोडा बिथरला, नवरदेव त्याच्या मानेला मिठी मारून बसला, बँडवाले गटारात. आणि बाई खिडकीतून मान काढून एकसारख्या ओरडत होत्या, "माफ करा! माफ करा! बाळ येते!" ते ऐकलं आणि करवल्याच पुढे धावल्या, पदर खोचून त्यांनी रस्ता मोकळा करून दिला. इस्पितळात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणीच हाती लागलं नसतं. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः भाजलेला केक घेऊन नवरदेवाच्या घरी माफी मागायला गेल्या. त्या माणसांनी त्यांची ओटी भरून परत पाठवलं.

त्यानंतर एके दिवशी त्यांनी मला उजवीकडे बसवलं. "मी कायम नाही. तू शिक." कामगाराची पोर मी, सायकलसुद्धा येत नव्हती. तीन महिने त्यांनी माझ्या शेजारी बसून हळूहळू शिकवलं. मी कुंपण पाडलं त्या दिवशीदेखील आवाज चढवला नाही. पुढे दवाखान्याची जीप मीच चालवली. किती बायका त्या जीपमधून वेळेत पोचल्या, त्या साऱ्यांचे आशीर्वाद मी मनातल्या मनात बाईंच्या गावी पाठवत आले.

साहेबांचं काम संपलं. साहेब सामान घेऊन पुढे गेले होते. बाईंना पुणे स्टेशनवर पोचवायला मी निघाले. गाडी चालवायची नाही की शिकवायची नाही, अशा त्या पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, मोकळ्या. कासारवाडी मागे पडली तशा खिडकीबाहेर बघता बघता एकदम म्हणाल्या, "इथे इतकी मोठी वडाची झाडं होती?"

"कायमचीच आहेत, बाई."

"मी कधी पाहिलीच नाहीत," त्या म्हणाल्या. "मी चार वर्षं फक्त रस्ता पाहिला."

आगगाडी सुटायला अजून अवकाश होता. मी वेग कमी केला, आणि तसाच ठेवला.