गच्चीच्या भिंतीवरची डिश

लातूरला मी चालवत असलेल्या क्लासमध्ये पुण्याच्या सरांचे तास उपग्रहावरून यायचे. त्यासाठी गच्चीच्या उंच भिंतीवर डिश बसवली होती ती मामांनी. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे मामाच म्हणायचे.

त्यांच्या खिशात कंपासपेटीतला कोनमापक असायचा, त्याला दोऱ्याने एक नट लोंबत बांधलेला. डिश किती अंश वर बघते ते त्यावर मोजून आकडा पेन्सिलीने भिंतीवर लिहायचे. त्याखाली वजाबाकी: छत्तीस हजार किलोमीटरच्या वाटेत सिग्नल किती झिजला, पावसात किती, वायरीत किती, हाती किती उरला.

"उपग्रह पृथ्वीसंगंच फिरतो, म्हणून एका जागी दिसतो," ते सांगायचे. "त्याच्यावर संशय घ्यायचा न्हाई, सर."

मोठ्या भूकंपानंतर लहान धक्क्यांना आम्ही सरावलो होतो. एका सकाळी तसाच एक बसला आणि पडद्यावरचं चित्र गेलं. वर्ग खोळंबला, मी मामांना बोलावून घाई करू लागलो. त्यांनी पाना काढला आणि डिश बसवताना तिच्या नटांवर मारलेल्या रंगाच्या खुणा तपासल्या. खुणा जागच्या जागी होत्या. मग कोनमापक लावला. भिंतीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन अंश कमी. पाना त्यांनी खिशात परत ठेवला.

"डिश हलली न्हाई, सर. भिंत कलली हाय. तिच्या सावलीत पोरी वाचत बसल्यात, त्या उठवा आधी."

दुपारी गवंड्याने हात लावताच विटा सुट्या होऊन हातात आल्या.

"तुम्ही नट फिरवून डिश वर केली असती तर?" मी विचारलं.

"चित्र आलं असतं," मामा म्हणाले.