शिऱ्याचा घास

शिऱ्यात वेलची पडली की माझं डोकं आजही फिरतं. वजनाच्या ऑपरेशननंतर दीड वर्ष मूल नको, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा नवरा शेजारीच बसला होता. तरी त्याला धीर निघाला नाही आणि सहा महिन्यांच्या आत मला दिवस गेले. रोह्याला सासरी डोहाळेजेवण झालं. माझ्या कापून लहान केलेल्या पोटात अर्धी वाटीही मावत नव्हती आणि एकेक सवाष्ण येऊन तुपातल्या, वेलची घातलेल्या शिऱ्याचा घास भरवत होती. "पुरे," म्हटलं तर सासू म्हणाली, "खा गो, दोन जिवांची हायस." नवरा हसत फोटो काढत राहिला. शेवटी मी हिरव्या साडीवरच ओकले. काल त्याने तोंड फिरवणाऱ्या लेकीपुढे शिऱ्याचा चमचा धरला, तेव्हा मी त्याचं मनगट पकडलं. "आधी तिला विचार. मला विचारलं नव्हतंस."