पाय न धुता आलेले बाबा

आधीच सांगते, मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. या सदरातले अनुभव मी वाचत आले, पण मनात उत्तरं शोधत. झोप कमी झाली असेल, ताप असेल, उजेड-सावलीचा खेळ असेल... आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. लाखांदूर तालुक्यात दिघोरीजवळच्या आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकले. तिथल्या गुरुजींनी एकच सवय लावली होती – आधी नीट पाहायचं, मग बोलायचं. त्या सवयीवर मी नागपूरला इंजिनीअर झाले आणि चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी नेदरलँड्सला आले. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे पाहिलं ते पाहिलं.

घरी आई आणि बाबा, दोघंच. धानाची शेती. मागच्या वेळी गावी गेले तेव्हा मी दाराच्या वर एक कॅमेरा बसवला. परदेशात राहणारी आमच्यासारखी बहुतेक मुलं आता हेच करतात. आपण तिथे नाही, निदान डोळा तरी तिथे असावा. कॅमेरा स्वस्तातला होता. त्यातून फक्त चित्र दिसायचं, आवाज नाही.

"माह्यावर पहारा लावून चालली काय वो बाई?" बाबा म्हणाले होते.

"पहारा नाही बाबा. तुम्ही दिसले का मले बरं वाटते."

"अन् तू कधी दिसशील त्याच्यातून?"

"ते तसं नाही होत. इकडचं तिकडं दिसते. तिकडचं इकडं नाही."

"हे त सरकारी काम झालं!" असं म्हणून हसले. पण रोज सकाळी शेतावर निघताना दाराखाली थांबून वर बघत हात वर करायचे. मला तो हात सकाळी उठल्यावर रेकॉर्डिंगमध्ये दिसायचा. त्यावर माझा दिवस सुरू व्हायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी तोपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती. मी ऑफिसात एकटी जेवायचे. सुरुवातीला पँट्रीत सगळ्यांबरोबर बसायचे. एकदा आईने दिलेल्या वाळल्या झिंग्यांची चटणी डब्यात नेली. झाकण उघडलं आणि पलीकडच्या टेबलावरचा एकजण उठून खिडकी उघडून आला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. तो काही बोलला नाही, कोणीच काही बोललं नाही. मनाने वाईट माणसं नाहीत ती. पण दुसऱ्या दिवसापासून मी डबा घेऊन आगीच्या वेळी वापरायच्या मागच्या जिन्यात जायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधली पायरी, बाजूला पिवळा लोखंडी कठडा. तिथे कोणी येत नाही. बूट काढून ठेवायचे, मांडी घालायची आणि जेवायचं. घरी मात्र दर रविवारी सांगायचे, "सगळे मिळून जेवतो, मोठं टेबल आहे, मजा येते." आई शेजारणींना ते सांगायची.

आई-बाबाही माझ्यापासून लपवायचे, हे मला माहीत होतं. बाबांना ताप येऊन गेला की आठ दिवसांनी कळायचं. दोन्हीकडून "सगळं ठीक आहे" म्हणायचं, यावर आमचे रविवार चालले होते.

ही घटना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, बुधवारची. गावाकडे धान कापणीला आलं होतं. आमच्या दुपारचे सव्वाबारा, म्हणजे तिकडे संध्याकाळचे पावणेपाच. मी जिन्यात बसले, डबा उघडला आणि रोजच्यासारखं मोबाईलवर अंगण लावलं.

अंगणात ऊन तिरपं पडलं होतं. आईची खाट, वाळत घातलेलं लुगडं, हातपंप, एक कोंबडी. तेवढ्यात फाटकाच्या बाजूने बाबा आले.

माझ्या लक्षात आलं ते त्यांचं चालणं. उजवा पाय मागून ओढल्यासारखा येत होता. उजवा हात छातीशी धरलेला. धोतर भिजलेलं, आणि गुडघ्याच्याही वरपर्यंत चिखल – काळा, चकचकीत. चपला नव्हत्या. आणि ते हातपंपाजवळ थांबले नाहीत.

हे बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. पण बाबा आयुष्यात कधी पाय न धुता घराच्या दाराशी आले नाहीत. पंपाखाली एक दगड आहे, त्यावर टाचा घासूनच वर यायचं, हा आमच्या घरचा नियम त्यांनीच घातलेला. लहानपणी त्यावरून मी मार खाल्लाय.

"बाबा, पाय धुवा ना आधी," मी जिन्यात मोठ्याने बोलले.

ते दाराशी येऊन उभे राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. हात वर केला नाही. नुसते पाहत राहिले... बराच वेळ. बाबांची नजर मी ओळखते. काहीतरी विचारायचं असलं, पण विचारू की नको असं वाटत असलं, की ते असे बघतात.

चित्र अडकलं. गोल फिरायला लागलं. पुन्हा सुरू झालं तेव्हा अंगण रिकामं होतं.

मी आईला फोन लावला. तिने उचलला तो धापा टाकतच.

"आई, बाबांच्या पायाले काय झालं?"

"काय झालं?... काही नाही. तू जेवली काय?"

"तू कुठी आहेस?"

"वावरात आलो जराशी."

"मग बाबांले घर कोणी उघडून देलं? मी आताच पाहिलं त्यांले, दारात उभे होते."

आईला एकदम रडू फुटलं. "घरी हायेत? खरं पाहिलं वो माय? अवो, दुपारपासून सापडून नाही राहिले ते! अख्खं वावर पालथं घातलं. तुले टेन्शन नको म्हणून सांगतलं नाही..."

फोन मोरेश्वरदादाने घेतला. हा माझा चुलतभाऊ, आमच्या शेजारीच राहतो. "सुषमा, पक्कं पाहिलं?"

"पक्कं दादा. दोन मिनिटं नाही झाले."

तो मागे वळून ओरडला, "चला रे सारे, काका घरी पोचले! आमी येथी धानाच्या बांध्या हुडकून राहिलो अन् हे घरी!" कोणीतरी हसलं, कोणीतरी लाडाची शिवी दिली. शोध थांबला. माझ्या सांगण्यावरून थांबला, हे मी आजही विसरू शकत नाही.

दादा मोटरसायकलने घरी गेला. मी फोन कानाला लावूनच बसले होते. गाडी थांबल्याचा आवाज आला.

"सुषमा."

"हां दादा, द्या बाबांले."

"फाटकाले साखळी हाय बाहेरून. दाराले कुलूप. किल्ली काकूच्या कमरेले हाय. येथी कोणीच नाही."

"मागं पाहा. गोठ्यात पाहा."

त्याने पाहिलं. परत येऊन जरा दमानेच बोलला, "बाई, तू तेथी बसून काय पाहून राहिली मले माहीत नाही. पण वीस मिनिटं गेले आमचे. आता दिवस बुडते."

पायरीवर माझा डबा तसाच उघडा पडला होता. मला रडू यायला हवं होतं, पण डोकं एकाच जागी अडकलं होतं. आधी नीट पाहायचं... मी काय पाहिलं? चिखल पाहिला.

"दादा, बांध्यांत पाणी आहे काय आता?"

"कापणीत पाणी कायले राहील? पंधरा रोज झाले सोडून. भेगा पडल्या जमिनीले."

"मग बाबांच्या पायाले मांडीपर्यंत काळा चिखल होता, तो कुठचा?"

त्याच्या तोंडून हळूच निघालं, "काळा चिखल त बोडीतच हाय."

बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव. आमची बोडी शेतांच्या पार टोकाला, जंगलाला लागून आहे. पाऊस संपला, बांध्यांना शेवटचं पाणी दिलं की तिकडे कोणी फिरकत नाही. म्हणून कोणी तिकडे शोधलंही नव्हतं. कापणीच्या दिवसांत माणूस सापडत नाही म्हटल्यावर शोधायचं ते धानात.

आणि तेव्हा मला रविवारचा फोन आठवला. डिसेंबरात मी येणार होते. बोलता बोलता मी म्हणाले होते, ढेस खाऊन किती वर्षं झाली. ढेस म्हणजे कमळाचा कांदा, आमच्याकडे त्याची भाजी करतात. काप करून वाळवलेही जातात. बाबा म्हणाले होते, "तू ये त खरी. वाळवून ठेवतो, सोबत घेऊन जाजो." ढेस काढायला चिखलात उतरून पायानेच चाचपावं लागतं. बाबांचं वय अडुसष्ट.

"दादा, ते ढेस काढायले गेले," मी म्हटलं. "माह्यासाठी."

पुढची पंचवीस मिनिटं मी फक्त आवाज ऐकले. गाडीचा, मग धावत्या पायांचा, कोरड्या धसकटांचा. "काका हो!" अशा हाका. मध्येच रेंज गेली. मी पुन्हा पुन्हा नंबर फिरवत होते. खालच्या मजल्यावरचं दार उघडलं, कोणीतरी वर आलं, माझ्याकडे बघून काही विचारलं. मला त्या भाषेतला एक शब्द कळेना. मी नुसती मान हलवली.

मग फोन लागला. दादा रडत होता की हसत, कळेना. "हाय, हाय! जित्ते हायेत! धर रे तिकडून... हळू..."

बोडीच्या जंगलाकडच्या काठाला बाबा कमरेपर्यंत गाळात रुतले होते. छाती काठावर टेकलेली, डाव्या मुठीत गवत घट्ट धरलेलं. उजवी बाजू गेली होती. पक्षाघात. दुपारी कधीतरी चिखलातच झटका आला असणार. काठावर चपला आणि ढेसाची अर्धी भरलेली थैली. ट्रॅक्टरवर खाट टाकून त्यांना लाखांदूरला नेलं, तिथून भंडाऱ्याला. रात्र तिथे काढली असती तर वाचले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. दवाखान्यातून कपडे आणायला घरी गेले तेव्हा पहिलं काम केलं ते कॅमेऱ्यातलं कार्ड काढून पाहण्याचं. त्या दिवशीची पावणेपाचची वेळ लावली. अंगण, खाट, लुगडं, कोंबडी. बाबा नाहीत. फाटक बंद. मी ते चित्रण निदान तीस वेळा पाहिलं असेल. फक्त चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी दारासमोर दाणे टिपणारी कोंबडी एकदम बाजूला होते, कोणाला वाट द्यावी तशी. पण कोंबड्या तशाही बाजूला होतात.

मी उत्तरं शोधली. अॅपने एखादं जुनं चित्र दाखवलं असेल? पण बाबा त्या अवस्थेत याआधी कधी आलेच नव्हते. मग वाटलं, माझ्याच मनाने रविवारचं ढेसाचं बोलणं आणि काळजी एकत्र करून मला ते दाखवलं असेल. हे उत्तर मला पटलं होतं. खरंच पटलं होतं. नोकरीवरून रजा वाढवून घेतली आणि मी त्यावर विचार करणं बंद केलं.

बाबांची वाचा परत यायला तीन आठवडे लागले. शब्द तुटक यायचे, जीभ जड होती. एका दुपारी घरी अंगणात खाटेवर बसवून मी त्यांना मऊ भात भरवत होते. आई बाजूला तांदूळ निवडत होती. बाबांनी घास थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. तीच नजर... विचारू की नको.

"बाई, तू... जिन्यात बसून... काहून जेवते?"

आई हसली. "पाहा, काहीच्या काही बोलते. अहो, तिच्या हापिसात मोठं टेबल हाय."

माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"पिवळा... कठडा," बाबा म्हणाले. "बूट काढून... एकटीच."

"बाबा," मी त्यांच्या जवळ सरकले. "तुम्ही कुठून पाहिलं?"

त्यांनी डावा हात उचलून दाराकडे दाखवलं. "येथीच त उभा होतो. तुही माय दार उघडेच ना. वर पाहिलं... त तू दिसली." थोडं थांबून म्हणाले, "पाय धू म्हणत होती."

आईचे तांदूळ निवडणारे हात थांबले. तिला किंवा कोणालाच मी त्या क्षणी जिन्यात काय बोलले ते सांगितलं नव्हतं. जिन्याचं तर कधीच नाही.

मी ते आईला तिथेच सांगितलं, टेबलासकट सगळं. उठून तिने पंपावरून तांब्याभर पाणी आणलं आणि बाबांचे कोरडे, स्वच्छ पाय धुतले.

मी जानेवारीत परत आले. आता पँट्रीत बसते. पहिल्या दिवशी दादाने त्या थैलीतल्या ढेसाचे वाळवून दिलेले काप मी भाजी करून नेले होते. खिडकीवाल्यानेच विचारलं, हे काय आहे? मी दिलं, त्याने दोन फोडी खाल्ल्या. आवडलं की नाही, माहीत नाही.

या सगळ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणा वाचकाकडे असेल तर जरूर लिहावं, कॅमेऱ्यांतलं कळणाऱ्याने तर नक्कीच. कॅमेरा अजून तोच आहे, त्याच जागी. बाबा आता काठी घेऊन दारापर्यंत येतात. रोज तिकडच्या पावणेपाचला मी अंगण लावलेला मोबाईल पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवते, म्हणजे माझ्यामागचं टेबल आणि माणसं त्याच्या समोर येतील. त्याने काही होत नाही, हे मला कळतं. इकडून तिकडे काही जात नाही.

बाबा वर बघतात. डावा हात उचलतात. आणि मी जेवायला सुरुवात करेपर्यंत तो खाली घेत नाहीत.