तुकोजी निकमांकडची तपासणी

माधवगंजात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बंद पडलेली पिठाची गिरणी आहे. गिरणी गेली, ओटा राहिला. त्या ओट्यावर संध्याकाळी मी आणि तुकोजी निकम बसायचो. मी बोलायचो, तो ऐकायचा. माझ्या गोष्टी संपत नाहीत अशी घरच्यांची तक्रार आहे, तुकोजीची कधी नव्हती. एखादी गोष्ट पाचव्यांदा सांगायला घेतली तरी तो म्हणायचा, “सांग, सांग गोविंदा. मागच्या वेळी त्यात म्हैस नव्हती.”

तुकोजीचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडे उत्तरेत आले, घोडा आणि तलवार घेऊन. घोडा गेला, फौज गेली, तलवार तेवढी राहिली. धार नसलेली, दोन खिळ्यांवर टांगलेली. तिनं साधं वांगं चिरलं गेलं नसतं. पण दसऱ्याला तुकोजी ती चिंचेनं घासायचा, हळदकुंकू लावायचा आणि मग दिवसभर जरा छाती काढून चालायचा. बाकीचे दिवस तो सिटी सेंटरमधल्या एका बँकेच्या दारात गार्ड होता. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना तो सलाम करायचा, पण त्याची बायको सुधाताई म्हणायची, “ह्यांचा सलाम बघितला की वाटतं, बँक ह्यांचीच आहे आणि लोक भाड्यानं आलेत.”

फेटा बांधावा तर त्यानंच. दौलतगंजापासून लोक यायचे, लग्नाच्या दिवशी नवरदेवाला घेऊनच. तुकोजी आधी आपल्या गुडघ्यावर फेटा बांधून बघायचा, मग नवऱ्याच्या डोक्यावर. कोणी पाकीट पुढं केलं तर हात मागं घ्यायचा. त्या बदल्यात लाडू चालायचा, तोही बसून, पाण्याच्या पेल्यासकट. आणि त्याच्याकडे कोणी गेलं तर तसंच. निकमांच्या उंबऱ्यावरून कोणी कोरड्या तोंडानं परत गेलेला नाही, मीटर वाचायला येणारासुद्धा. घरात काही नसेल तर सुधाताई गुळाचा खडा पुढं करायची.

दोन वर्षांमागं उन्हाळ्यात बँकेच्या दारातच तुकोजी खाली बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली. वाचा वाचली, थोडी जड झाली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पायात अजून जीव आहे. रोज माणूस लावून व्यायाम करवलात तर चालतील. पण आत्ताच, पहिल्या काही महिन्यांत. नंतर पाय ऐकायचा नाही.

मूलबाळ नाही. सुधाताई साड्यांना फॉल-पिको करते, त्यात भाडं आणि पोळी निघते. नोकरी कंत्राटाची, ती त्या दुपारीच संपलेली. व्यायाम करवणारा परवडायचा कसा? तेव्हा माझी नात उन्नती म्हणाली की अशा माणसांना सरकार दरमहा पैसे देतं, आपण अर्ज करू. तुकोजीला आधी ते पटेना. सुधाताईनं त्याला एवढंच विचारलं, “ओट्यापर्यंत चालत जायचंय ना?” तो म्हणाला, “जायचंय.” मग उन्नतीला म्हणाला, कर अर्ज.

उन्नतीनं अर्ज भरला आणि जाता जाता सांगितलं, “आजी, वो लोग घर की जांच करने आएंगे. घर जसं आहे तसंच राहू द्या हां, कुछ करना मत.”

सुधाताई माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, “भाऊजी, आजकालच्या पोरी बघा. पाहुणा येणार आणि म्हणे पसारा तसाच ठेवा.”

आता निकमांच्या घरी सरकारचा माणूस शेवटचा कधी आला होता, ते तुकोजीच्या आजोबांनाच ठाऊक. दरबारातून कोणी आलं की पायावर पाणी, डोक्यावर फेटा, पुढ्यात चांदीचं ताट, अशी त्यांच्याकडची रीत. चांदी केव्हाच गेली होती. ती खालच्या मजल्यावरच्या मंदाताईंकडून आली. दोन खुर्च्या, टेबलावर घालायचं नक्षीचं कापड आणि शिऱ्याचं तूपही त्यांच्याकडूनच. सुधाताईनं लग्नातला शालू काढला. शिवणाचं मशीन चादरीखाली गेलं. तलवार घासून लखलखीत केली. आणि तुकोजीनं एका हातानं फेटा बांधला. एक टोक सुधाताईनं धरलेलं, दुसरं दातांत. सकाळ त्यातच गेली, पण फेटा असा बसला की मी म्हटलं, तुकोजी, तू अर्ज द्यायला बसलायस की मुलगी द्यायला?

तपासणीला आलेला अंशुल नावाचा तरुण होता, उन्हात हिंडून लालबुंद झालेला. सकाळपासून त्याला कोणी पाणीही विचारलं नसावं. दारात त्याच्या पायावर पाणी पडलं तसा तो बिचारा गोंधळला आणि बूट काढता काढता त्याचा तोलच गेला. मग बसला, शिरा दोनदा घेतला. तुकोजीनं त्याला घोड्याची गोष्ट सांगितली, तलवारीची सांगितली. त्यानं ताटाकडे बोट करून विचारलं, असली चांदी आहे का? तुकोजी म्हणाला, आमच्याकडे नकलीचा रिवाज नाही. मी आणि सुधाताई दोघंही हसलो. फार छान चाललं होतं सगळं.

शेवटी अंशुलनं तोंड पुसलं, कागद काढले आणि विचारलं, “दादाजी, कोई तकलीफ? कोई कमी?”

पाहुण्यानं विचारलं, तुकोजीनं पाहुण्याला द्यायचं ते उत्तर दिलं. डावा हात छातीवर ठेवला आणि म्हणाला, “आपकी दया है. किसी चीज़ की कमी नहीं.”

अंशुलनं मोबाइलवर फोटो काढला. खुर्चीत तुकोजी, मागं तलवार, पुढ्यात ताट. फोटोच्या आधी तुकोजीनं मिशीवरून बोट फिरवलं.

अर्ज नामंजूर झाला. घरची परिस्थिती चांगली, मदतीची गरज नाही, असं उन्नतीच्या मोबाइलवर आलं. ती डोक्याला हात लावून बसली. “आजी, मैंने बोला था ना,” एवढंच म्हणाली. सुधाताई शालूची घडी घालत होती, ती तशीच घालत राहिली.

त्या संध्याकाळी मी तुकोजीच्या खाटेशी बसून त्याला आमच्या गावच्या शाळेची गोष्ट सांगितली. माझी शाळा खेड्यातली, छपराला इतकी भोकं की दुपारी फळ्यावर उन्हाच्या टिकल्या पडायच्या. नवीन छप्पर मिळावं म्हणून मास्तरांनी वर लिहून कळवलं. तपासणीला साहेब येणार असं ठरलं, आणि गावानं काय करावं? गावाची अब्रू म्हणून पाटलाच्या घरून जाजम आणलं, भोकांखाली रंगीत पताका लावल्या, मुलं कमी दिसतात म्हणून शेजारच्या गावची दोन डझन पोरं आणून बसवली. साहेबानं त्यातल्या एकाला गावाचं नाव विचारलं, त्यानं आपलं, शेजारच्या गावाचं सांगितलं, तेही साहेबाच्या ध्यानात आलं नाही. साहेब खूश होऊन गेला. लिहून गेला, शाळा उत्तम. त्या चातुर्मासात छप्पर खाली आलं, पताकांसकट.

तुकोजी हसला. एवढा हसला की खाट करकरली आणि सुधाताई धावत आली. “पताकांसकट,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. “म्हणजे गोविंदा, आम्ही पताका लावल्या.” डोळे पुसून म्हणाला, पाय गेला तरी चालेल, पण शिरा चांगला झाला होता.

पण पाय जायला लागला होताच. आधी अंगठा हलायचा, मग तोही हलेना. डॉक्टरीणबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, अजून वेळ आहे, पण थोडाच. तेव्हा सुधाताई एकटी ऑफिसात गेली. अंशुल तिथं होता. तिला पाहताच खुर्चीवरून उठून उभा राहिला. तिनं सगळं सांगितलं, चांदी कुणाची, तूप कुणाचं. तो खाली मान घालून ऐकत होता. म्हणाला, अम्मा, मला जे दिसलं तेच मी लिहिलं. पुन्हा अर्ज द्या, मी पुन्हा येईन. या वेळी जे आहे तेच दाखवा.

मी म्हणतो, त्या पोरानं आपल्याकडून भलंच केलं.

दुसऱ्या तपासणीच्या दिवशी सुधाताईनं तलवार खिळ्यांवरून काढून मंदाताईंकडे ठेवायला दिली. भिंतीवर तिच्या आकाराचा पांढुरका पट्टा उरला. मशीन उघडं ठेवलं, फॉलच्या गुंडाळ्या पसरलेल्या. तुकोजीला जुनी बंडी घातली, काखेत फाटलेली. उशाशी फेट्याचं कापड होतं, तिनं ते उचललं.

“फेटा पण?” तुकोजीनं विचारलं.

तिनं त्याची घडी घातली. कापड ट्रंकेत ठेवलं आणि झाकण लावून त्यावर मला बसायला सांगितलं. मग खाटेशी वाकून तिनं त्याला समजावलं की तो विचारेल तेव्हा आहे ते सांगायचं. आपल्या पायासाठी. तो छताकडे बघत राहिला. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्यावर त्याला काही शिकवायची वेळ पहिल्यांदाच आली असावी.

अंशुल आला. या वेळी पायावर पाणी नव्हतं. चूल थंड होती, सुधाताईनं मुद्दाम पेटवली नव्हती. तो दारातच उभा राहिला, बसला नाही. तुकोजीनं मान वळवली आणि हळूच म्हणाला, “सुधा, पाणी.” सुधाताई जागची हलली नाही. पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. मी ट्रंकेवरून उठणार होतो, पण उठून करणार काय?

अंशुलनं मोबाइल वर केला. तुकोजीचं तोंड भिंतीकडे होतं.

“दादाजी, ज़रा इधर देखिए.”

तुकोजीनं इकडं पाहिलं. उघडं डोकं. इतक्या वर्षांत मी त्याचं टक्कल कधी नीट पाहिलंच नव्हतं, लहान मुलाच्या टाळूसारखं दिसत होतं.

अंशुलला विचारावंच लागणार होतं. त्यानं विचारलं, “कोई तकलीफ?”

बाहेर भाजीवाल्याची हाक आली आणि गेली. मग तुकोजी म्हणाला, “है.”

एवढाच शब्द. अंशुलनं लिहून घेतलं, दोन्ही हात जोडले आणि मागं न बघता जिना उतरला. तो उतरल्यावर सुधाताई आत गेली आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसली. घासायला भांडी नव्हती.

पैसे मंजूर झाले. व्यायाम करवणारा ठेवला. चांगला माणूस आहे, हात गरम करून पायाला लावतो. तुकोजीनं त्याचं नाव पहिलवान ठेवलं. पहिल्याच दिवशी सुधाताईला सांगितलं, ह्यांना शिरा कर. त्यामुळं पहिलवानाला रोज काही ना काही मिळतं, निदान गुळाचा खडा. पण तो “दादा, उचला बघू” म्हणाला की तुकोजी पाय उचलत नाही. हलत नाही की हलवत नाही, ते पहिलवानालाही उमगत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, पायात अजूनही जीव आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सुधाताई तलवार परत घेऊन आली, खिळ्यांवर लावायला स्टुलावर चढली. तुकोजी म्हणाला, “राहू दे मंदाताईंकडेच. त्यांच्या घरी पुरुष माणूस आहे.” ती स्टुलावर तशीच उभी राहिली तलवार धरून, मग सावकाश उतरली.

मी रोज जातो. ओटा आता रिकामा असतो, म्हणून मीच खाटेशी बसतो. परवा काही सुचेना, म्हणून शाळेची गोष्ट पुन्हा काढली. जाजम, पताका, शेजारच्या गावची पोरं, सगळं आलं. शेवटाला मी जरा थांबलो, तो हसायला लागेल म्हणून. तुकोजी भिंतीवरच्या पांढुरक्या पट्ट्याकडे बघत होता.

“गोविंदा,” तो म्हणाला, “छप्पर पडलं तेव्हा आत कोणी होतं का रे?”

मी म्हटलं, नव्हतं. रविवार होता.

“बरं,” म्हणाला, आणि डोळे मिटले.